तसूभर

मराठी माणसाच्या तोंडी काही शब्द इतके रुळलेले असतात की ते आपण कोणाकडून उसने आणले, याची त्याला आठवण राहत नाही. ‘तो तसूभरही मागे हटला नाही’ असे आपण सहज बोलून जातो. पण तसू म्हणजे किती, असे घरातल्या एखाद्या चौकस मुलाने विचारले तर आजोबांनाही क्षणभर थांबावे लागते. तसू म्हणजे गजाचा चोविसावा हिस्सा. गवंड्याच्या आणि सुताराच्या रोजच्या कामातले माप. गज गेला, त्याच्याबरोबर तसूही गेला. भाषेने मात्र त्याला जाऊ दिले नाही. माणसाचा निश्चय मोजण्यासाठी तिने तो ठेवून घेतला. द्वाड पोरगा वठणीवर आला की तो ‘सुतासारखा सरळ’ होतो. दोघांचे पटले की त्यांचे ‘सूत जमते’. चांगल्या चाललेल्या कामात कोणी विघ्न आणले की त्याने ‘पाचर मारली’. सुताराच्या पडवीतल्या ढलप्या वेचून आणून आपण आपल्या घरची नीती पेटती ठेवली आहे, असेच म्हणायचे.

या सगळ्यांत मला नेहमी थांबवणारा शब्दप्रयोग म्हणजे ‘मापात पाप’. पापाला जागा काय थोड्या आहेत? वचनात पाप आहे, विचारात आहे, नजरेत आहे. पण यमक जुळले ते मापाशी, आणि ते इतके घट्ट जुळले की आजही भाजीवाल्याशी घासाघीस करणारी गृहिणी ते शस्त्रासारखे वापरते. यमक म्हणजे पुरावा नव्हे, हे खरे. तरी त्यातून निघणारे प्रश्न खरे आहेत. चुकलेले प्रत्येक माप पाप असते काय? आणि उलट, माप बिनचूक घेतले म्हणजे न्याय झाला, असे म्हणता येईल काय? हे प्रश्न मोठमोठ्या ग्रंथांत आहेतच. परंतु लाकूडकाम शिकायला नुकत्याच बसलेल्या पोराशेजारी आपणही बसलो, तर त्यांची उत्तरे अधिक सोपी होऊन हाती येतात, असा माझा समज आहे. त्याला पहिल्या आठ दिवसांत दोनच गोष्टी शिकवतात: लाकूड ओळखणे आणि माप घेणे.

आमच्या छत्रपती संभाजीनगराहून वेरूळ सुमारे तीस किलोमीटर. येणारा पाहुणा कैलास पाहून दिपतो आणि पाय दुखू लागले म्हणून परततो. पण दहाव्या क्रमांकाचे लेणे पाहिल्यावाचून सुतारकामावर बोलू नये. ते सातव्या शतकातले बौद्ध चैत्यगृह आहे. लोक मात्र त्याला विश्वकर्म्याचे लेणे म्हणतात, ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात या लेण्यांची मापे घेऊन ठेवली गेली. त्यांप्रमाणे आतले दालन ८५ फूट १० इंच लांब, ४३ फूट रुंद आणि ३४ फूट उंच आहे. दोन्ही बाजूंना मिळून २८ अष्टकोनी खांब आहेत. पण खरी गंमत मान वर केल्यावर दिसते. छताला एकापुढे एक असे कमानदार वासे आहेत, आणि ते दगडाचे आहेत. डोंगर आतून पोखरून केलेल्या पोकळीला वाशांची गरज काय? तिथे छपराचा भार तोलायचाच नाही. छप्पर म्हणजेच डोंगर. तरीही पाथरवटाने वासा न् वासा कोरला. कार्ल्याच्या लेण्यात तर याहून सहासातशे वर्षे आधी दगडी कमानीखाली खरेखुरे सागवानी वासे बसवलेले आहेत, आणि ते आजही तेथे आहेत. तेही कशालाच आधार देत नाहीत.

याचा अर्थ मी असा लावतो. दगडावर छिन्नी धरण्यापूर्वी आमच्या कारागिराचा डोळा लाकडावर तयार झाला होता. घर कसे उभे राहते, अंतर कसे राखायचे, समोरासमोरच्या दोन बाजू एकमेकींना कशा जाब देतात, हे त्याला लाकडाने शिकवले. आणि पुढे दगड हाती आला तरी तो ते शिक्षण विसरला नाही. गेल्या शतकाच्याही आधीचे प्रवासी लिहून गेले आहेत की गावोगावचे सुतार या लेण्यात येत आणि आतल्या बुद्धमूर्तीची विश्वकर्मा म्हणून पूजा करीत. पंडित याला गैरसमज म्हणतील. पण मला त्या सुतारांचा राग येत नाही. वरचे वासे पाहून ‘हा आपल्यातला’ असे त्यांनी ओळखले असेल, तर त्यांनी फारसे चुकीचे ओळखले नाही.

दगड आणि लाकूड यांत आणखी एक साम्य आहे, आणि ‘मापात पाप’ या म्हणण्याचे मूळ बहुधा तिथेच असावे. मातीचे मडके बिघडले तर चाकावर ती माती पुन्हा मळता येते. सोने वितळवता येते. शिवण उसवता येते. पण आखूड कापलेले लाकूड पुन्हा लांब होत नाही. ते झाड साठ-सत्तर वर्षे वाढलेले असते आणि करवत अर्ध्या मिनिटात आपले काम उरकते. म्हणून कापण्याआधी मोजायचे, आणि मोजून झाल्यावर पुन्हा मोजायचे. जे परत करता येत नाही, ते करण्यापूर्वी थांबणे, हा सुताराचा पहिला धर्म. ‘सुतार’ हा शब्दच मुळी ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला, असे व्युत्पत्ती सांगणारे म्हणतात. रंगभूमीवरचा सूत्रधार आणि पडवीतला सुतार हे एकाच शब्दाचे दोन वंशज. दोघांच्याही हाती दोरा. आणि दोघांनीही पुढचे सगळे आधी मनात पाहून मगच हात हलवायचा.

आता हा दोरा किती लांब? इथून मापाचा इतिहास सुरू होतो, आणि तो मनुष्याच्या शरीरापासून सुरू होतो. बोट, वीत, हात, पाऊल ही मापे कोणाला विकत आणावी लागली नाहीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ जवांची जाडी मिळून एक अंगुल सांगितले आहे; किंवा मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मधल्या भागाची रुंदी म्हणजे एक अंगुल. ‘मध्यम’ हा शब्द त्या आचार्याने किती सावधपणे घातला आहे पाहा. राजाचे बोट नव्हे, पैलवानाचेही नव्हे. ना जाडा ना रोडा अशा कोणाही माणसाचे. अशा चोवीस अंगुलांचा एक हात. पण तोच ग्रंथ सुतार आणि करवत्ये यांच्यासाठी बेचाळीस अंगुलांचा किष्कु सांगतो, आणि रानातले लाकूड मोजण्यासाठी चौपन्न अंगुलांचा हात वेगळा ठेवतो. म्हणजे ‘हात’ म्हटले की कोणाचा हात आणि कशासाठी, हे विचारणे भागच होते. पाप शिरते ते याच फटीतून. घेताना लांब हाताचा गडी पुढे करायचा आणि देताना आखूड हाताचा, ही युक्ती शोधायला बुद्धिमत्ता फारशी लागत नाही. कौटिल्याला हे पक्के ठाऊक असले पाहिजे. एरव्ही दर चार महिन्यांनी वजने-मापे तपासून घेण्याचा नियम त्याने घातला नसता.

पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी ठरवले की माप कोणाच्याच अंगावरून घ्यायचे नाही, पृथ्वीवरून घ्यायचे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्याचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर मानावा. आपल्याकडे वजने-मापे यांचा दशमान कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून शेर-मणांच्या जागी किलो येऊ लागला. वखारीत सागवान अजूनही घनफुटावर विकले जाते आणि मिस्तरी अजूनही इंच आणि सूत यांतच बोलतो, आठ सुतांचा एक इंच. पण मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर सेंटीमीटर विराजमान झाले आहेत.

या बदलाकडे आपण सोयीचा बदल म्हणून पाहतो. मला त्यात नीतीचा मोठा विजय दिसतो. जे माप कोणाच्याच अंगाचे नाही, ते सर्वांचे असते. पोलक्याचे कापड घ्यायला आलेली मजूरबाई आणि पडद्याचे कापड घ्यायला आलेली बंगल्यातली बाई, दोघींपुढे दुकानदार तीच पट्टी धरतो. पट्टीला ओळखदेख नसते, जातगोत नसते, तिला दया येत नाही आणि रागही येत नाही. तिचा हा निर्विकारपणा पुष्कळांना रुक्ष वाटतो. पण ज्याच्यापाशी ओळख नाही, वशिला नाही, त्याला विचारून पाहा. तो सांगेल की या जगात त्याच्या बाजूने बोलणारी एकटी तीच आहे.

इथवर सगळे सरळ आहे. अडचण येते ती पुढे. पट्टी बदलत नाही. पण ज्याच्यावर ती ठेवायची, ते लाकूड बदलते.

नवशिक्याला हे पटवायला वेळ लागतो. त्याला वाटते, झाड तोडले म्हणजे ते मेले, आता ते हलणार नाही. पण लाकूड कापल्यावरही हवेशी आपला व्यवहार चालू ठेवते. हवा दमट झाली की ते ओल घेते आणि फुगते. कोरडी झाली की ओल सोडते आणि आक्रसते. तेही सर्व बाजूंना सारखे नाही. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ओला साग पुरता वाळेपर्यंत शेकडा २.५ च्या आसपास आटतो. आणि वर्षागणिक उमटलेल्या कड्यांच्या वळणाने त्याच्या दुपटीहून अधिक, शेकडा ५.८. म्हणजे या वळणाने चिरलेली दहा इंच रुंद ओली फळी वाळून साडेचार सुतांहून जास्त अरुंद होते. आणि साग हा तर लाकडांतला संयमी पुरुष! एका फळीला तीन दिशांनी तीन स्वभाव असतात, हे ज्याला कळले नाही, त्याचे माप कितीही काटेकोर असो, त्याचा सांधा उकलणार.

याचा अनुभव आपल्या घरातच असतो. श्रावणात दार फुगते आणि चौकटीत अडते. दोन दिवस खांदा लावून लावून कंटाळलेला गृहस्थ रंधा मागवतो आणि अडणारी कड तासून टाकतो. दार सुरळीत फिरू लागते, गृहस्थ समाधान पावतो. मग पाऊस सरतो, हवा कोरडी होते. आणि आमच्या मराठवाड्याचा वैशाख आला की त्याच दाराला बोटभर फट पडते. त्यातून धूळ येते, पाल येते, आणि शेजारच्या घरातले भांडणही येते. श्रावणातले माप खोटे होते काय? मुळीच नाही. दार त्या दिवशी खरोखरच तेवढे मोठे होते. खोटे होते ते एवढेच की एका ऋतूतले माप त्याने दाराचे कायमचे माप मानले.

जाणता सुतार काय करतो? तो थांबतो. लाकूड इंचभर जाड असेल तर वर्षभर सावलीत, वारा लागेल असे थर लावून वाळू देतो, अशी जुनी रीत आहे. मग कोणते लाकूड कशाला, हे पाहतो. बाभळीची गाडी, बाभळीचे औत. तिचा चिवटपणा मातीत आणि धोंड्यांत कामी येतो. पांगारा हलका आणि मऊ. सावंतवाडीची रंगीत खेळणी त्याच्यातून निघाली. आंब्याची फळी खोक्याला. साग दाराला, खिडकीला, जिथे ऊन-पाऊस सोसूनही आकार राखायचा आहे तिथे. ‘तू साग का झाली नाहीस’ म्हणून बाभळीला बोल लावणारा सुतार अजून माझ्या पाहण्यात नाही. हा प्रश्न आपण फक्त मुलांना विचारतो.

आणि एवढे करूनही तो लाकडाला हलायला जागा ठेवतो. जुन्या वाड्याचे दार कधी नीट पाहावे. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट कूस आणि खाच घालून घट्ट केलेली असते. पण तिच्या मधली रुंद फळी कशानेच जखडलेली नसते. ती भोवतालच्या खाचेत नुसती सरकवून ठेवलेली असते. पावसाळ्यात ती खाचेत शिरते, उन्हाळ्यात किंचित बाहेर येते. चौकट आपल्या जागी राहते. तीच फळी कोणी खिळ्यांनी गच्च ठोकली, तर एखाद्या उन्हाळ्यात ती मधोमध तडकते. चौकट नसेल तर दार नाही. आणि मोकळीक नसेल तर चार ऋतूंत दार राहत नाही. घराच्या शिस्तीबद्दल मी जेवढी व्याख्याने ऐकली, त्यांतले एकही मला या फळीइतके पटलेले नाही.

आमच्या शाळेत एकदा बाके दुरुस्तीला काढली होती. मिस्तरी व्हरांड्यात बसून काम करी आणि कार्यानुभवाच्या तासाला मुले त्याच्याभोवती कोंडाळे करीत. त्याची शिकवण्याची पद्धत मला आवडली. त्याने मुलांच्या हाती करवत दिली नाही, रंधा दिला. ‘आधी एक अंग सपाट करा,’ म्हणाला. ते झाल्यावर त्या अंगाशी काटकोनात असलेली एक कड सरळ करायला लावली. गुण्या लावून लावून, मधून उजेड दिसेनासा होईपर्यंत. मग त्या दोन बाजूंवर खुणा करून म्हणाला, ‘आता जे मोजायचं ते इथून. दुसरीकडून न्हाई.’ एका मुलाने पहिला तुकडा कापून त्याच्यावरून दुसरा आखला, दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. चौथा तुकडा पहिल्याशेजारी ठेवला तेव्हा तो दोन सूत मोठा भरला. प्रत्येक वेळी पेन्सिलीची जाडी तेवढी वाढत गेली होती. मिस्तरी हसला. ‘लेकरा, नकलेची नक्कल करू नये. मूळ पट्टी सोडू नये.’ तसेच त्याने शिकवले की रेघेवर कापायचे नाही, टाकून द्यायच्या बाजूने रेघेला लागून कापायचे. कारण करवतही लाकूड खाते, आणि तिचा घास हिशेबात धरावा लागतो. पट्टीचे टोक झिजलेले असेल तर मोजणी एकच्या आकड्यापासून सुरू करायची आणि शेवटी तो एक वजा करायला विसरायचे नाही. चौकट जुळली की तिचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले तरच ती काटकोनात आहे.

त्याच दिवसांत शिक्षकांच्या खोलीत वाद चालला होता. नववीच्या वार्षिक परीक्षेत एका मुलाला गणितात चौतीस गुण पडले होते. पास व्हायला पस्तीस लागतात. मुलाचे वडील गवंड्याच्या हाताखाली बिगारी. मुलगा सुट्टीच्या दिवशी स्वतः कामाला जाणारा. एक गुण म्हणजे काय, तसूभर सुद्धा नव्हे! एका सहकाऱ्याचे म्हणणे, ‘देऊन टाका. कागदाला काय कळतंय?’ दुसऱ्याचे म्हणणे, ‘आज याला दिला, मग तेहतीसवाल्याने काय पाप केले?’ दोघेही चांगले शिक्षक आणि दोघेही चांगली माणसे. वाद चांगल्या आणि वाईट माणसांत असता तर तो पाच मिनिटांत मिटला असता.

मी मिस्तरीला सहज म्हणून विचारले. मुलाचे नाव सांगितले नाही, गोष्ट तेवढी सांगितली. तो रंधा मारता मारता थांबला. ‘गुरुजी,’ तो म्हणाला, ‘लाकूड आखूड निघालं म्हणून पट्टी तासायची असती का? पट्टी तासली तर मग सगळीच लाकडं पुरती भरतील, अन् दार एकबी लागायचं न्हाई.’ मला वाटले, आता हा कठोर माणूस निकालच देणार. पण तो पुढे म्हणाला, ‘पर लाकूड ओलं हाय का वाळलेलं, ते बघितलं का तुम्ही?’

या दुसऱ्या वाक्याने मला पहिल्यापेक्षा अधिक विचार करायला लावला. उत्तरपत्रिका आम्ही पुन्हा काढली आणि तिघांनी मिळून वाचली. कुठे पायरीचा गुण राहिला आहे का, बेरीज चुकली आहे का, ते पाहिले. काही राहिलेले नव्हते. चौतीस ते चौतीसच. पण वाचताना दिसले की भूमितीत मुलगा पक्का होता आणि अपूर्णांकांत सगळीकडे घसरला होता. पाचवी-सहावीत केव्हातरी बसायला हवा होता तो सांधा बसलाच नव्हता. चौतीस हा आकडा खरा होता. पण तो त्या मुलाचा एका दिवसाचा, एका ऋतूतला आकडा होता. गुण आम्ही बदलला नाही. मे महिन्यात तो सकाळचा तासभर येत राहिला आणि जूनमधल्या पुनर्परीक्षेत पास झाला. तो पास झाला नसता तरी पट्टीबद्दलचे माझे मत तेच राहिले असते. मात्र तो मेमध्ये येऊच शकला नसता, त्याला कामावरच जावे लागले असते, तर? तर आमच्या निर्विकार पट्टीची किंमत त्या एकट्या पोराने मोजली असती. हा काटा माझ्या मनातून गेलेला नाही, आणि जाऊही नये असे मला वाटते. पट्टी न तासण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो लाकूड वाळवण्याची मेहनत घ्यायला तयार आहे. मेहनत टाळून नुसती पट्टी दाखवणाऱ्याचे माप कदाचित बरोबर असेल. त्याला न्याय म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

राहता राहिला पहिला प्रश्न: चुकलेले प्रत्येक माप पाप असते काय?

मीटर ठरवण्यासाठी फ्रान्सने देलांब्र आणि मेशें असे दोन ज्योतिर्विद पाठवले होते. डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतची भूमी मोजायला त्यांना १७९२ पासून सुमारे सहा वर्षे लागली. मेशेंला बार्सिलोनाच्या अक्षांशात थोडीशी विसंगती आढळली. चूक त्याच्या निष्काळजीपणाची नव्हती. त्या काळच्या उपकरणांची आणि हिशेबाची जेवढी कुवत होती, तेवढेच ते होते. पण त्याने ती लपवली. पुढची सगळी वर्षे त्या लपवलेल्या आकड्याने त्याला पोखरले. पुन्हा मोजणी करून मन शांत करावे म्हणून तो स्पेनला गेला आणि १८०४ साली तिथेच तापाने वारला. त्याच्या वह्या उघडल्यावर देलांब्रला सगळे समजले. आणि गंमत अशी की पृथ्वी ध्रुवांशी किती चपटी आहे, याचा त्या काळचा अंदाजच पुरता बरोबर नसल्यामुळे मीटर मुळात ठरवल्यापेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड भरला. तो तसाच राहिला, आणि साऱ्या जगाचा व्यवहार त्याच्यावर बिनबोभाट चालला आहे. उघडपणे मान्य केलेली चूक सर्वांचे माप होऊन बसली. लपवलेली चूक एका सज्जन माणसाचे आयुष्य खाऊन गेली. चूक मोजण्याचा भागच आहे. पाप ती झाकण्यात आहे.

मग आपल्याच मापातली खोट ओळखायची कशी? त्यालाही सुताराजवळ एक उपाय आहे, आणि लाकूडकामाच्या सगळ्या मूलपाठांत मला तो सर्वांत थोर वाटतो. गुण्या खरा काटकोनात आहे की नाही, हे तो कसे तपासतो? फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून एक रेघ मारतो. मग गुण्या उलटा करतो, त्याच बिंदूवर दुसऱ्या बाजूने लावतो आणि पुन्हा रेघ मारतो. दोन्ही रेघा एकीवर एक आल्या तर गुण्या खरा. त्यात खोट असेल तर रेघा फाकतात. आणि जेवढी खोट असेल तिच्या दुप्पट फाकतात. इकडून ठेवल्यावर जी चूक नजरेला कळत नव्हती, ती उलटवल्याबरोबर दुणावून समोर येते.

आपणही दिवसभर गुण्या घेऊन हिंडत असतो. सून उशिरा उठली, शेजाऱ्याने उधार वेळेवर दिले नाही, पोराचे गुण कमी आले. लगेच आपला काटकोन बाहेर निघतो. तो उलटा करून एकदा आपल्या बाजूला लावावा. मुलीला लावलेली शिस्त मुलाला लावून पाहावी. नोकराच्या उशिराला जे नाव दिले, तेच साहेबाच्या उशिराला देता येते का, ते पाहावे. रेघा जुळल्या तर आपण खुशाल मोजावे. फाकल्या तर आधी गुण्या दुरुस्त करावा. समोरचे लाकूड कुठे पळून जात नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाऊस उघडलेला असेल. हवेतली ओल गेलेली असेल आणि चार महिने अडणारे दार आपसूक सैल झाले असेल. फराळाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते दिवसातून वीस वेळा उघडेल आणि वीस वेळा नीट लागेल. श्रावणात ज्यांनी घाई करून त्याच्यावर रंधा चालवला नाही, त्यांनी या दिवाळीत तेवढे एक समाधान आपल्या ताटात वाढून घ्यावे. आणि घरातले एखादे मूल अजून कुठे अडत असेल, तर त्याचा ऋतू कोणता चालला आहे, हे पाहायला एक सकाळ राखून ठेवावी.